सपाट फरशीवर अडलेलं पाऊल

मिलेहा सोनेजी या पुण्याच्या डिझायनर. त्यांच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना पार्किन्सन्स झाला होता. सपाट फरशीवर त्यांना वॉकर लागायचा, आणि वॉकर हातात असूनही चालणं रखडायचं. एकदा सोनेजी त्यांच्याबरोबर असताना वाटेत जिना आला. गृहस्थांनी एकामागून एक पायऱ्या घेतल्या, न अडखळता, चांगल्या धडधाकट माणसासारख्या. जिना संपला, सपाट फरशी लागली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सोनेजींनी मग फरशीवर जिन्याचं चित्रच अंथरलं. नुसत्या छापील पायऱ्या, चढ ना उतार. त्या चित्रावरून गृहस्थ नीट पावलं टाकत चालत गेले. २०१५ साली एका टेडएक्स व्याख्यानात सोनेजींनी हे सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्यांना जादू वाटली असेल. मेंदूविकारतज्ज्ञांना तितकं नवल वाटलं नसावं, कारण या जातीच्या हकिगती ते शंभरएक वर्षं नोंदवत आले आहेत.

घरच्या माणसांना मात्र असं दृश्य बुचकळ्यात टाकतं. गुडघे धरलेल्या माणसाला जिना नको असतो. मग जिना चढू शकणाऱ्याला हॉल ते स्वयंपाकघर एवढं अंतर का जड जावं? त्यात डॉक्टरांसमोर बाबा बरे चालतात आणि घरी आल्यावर पुन्हा पाय ओढतात. ‘मनावर घेतलं तर येतं की तुम्हाला,’ असं कुणीतरी बोलून जातं. बोलणाऱ्याला ठाऊक नसतं, पण वैद्यकाच्या दृष्टीने हे वाक्य जवळजवळ बरोबर आहे. मनावर घेतलं तर खरंच येतं. फरक एवढाच, की निरोगी माणसाला चालणं मनावर घ्यावं लागत नाही, आणि दिवसभर प्रत्येक पाऊल मनावर घेऊन जगणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही.

चालण्याचं काम शरीराने तीन ठिकाणी वाटून दिलेलं आहे. सगळ्यात खाली मज्जारज्जू. डावा-उजवा, डावा-उजवा हा पायांचा ठेका तिथेच तयार होतो. १९११ साली टी. ग्रॅहॅम ब्राउन यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की मेंदूशी संबंध तोडलेला मज्जारज्जूसुद्धा पायांना आलटून-पालटून हलवू शकतो. त्याच्या वर मस्तिष्कस्तंभ. मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी १९६६ साली मांजराच्या मस्तिष्कस्तंभातल्या एका ठिकाणी विजेचे सौम्य झटके दिले. मांजर चालायला लागलं. झटके वाढवले तर ते पळायला लागलं. आणि याहून वर, मेंदूच्या आत खोलवर, बेसल गँग्लिया हा केंद्रांचा पुंजका. एरवी तो खालच्या केंद्रांना दाबून धरतो आणि हालचाल हवी असेल तेवढ्यापुरता दाब सैल करतो. उतारावर गाडी चालवणारा ब्रेकवरचा पाय किंचित उचलतो तसा. दाब केव्हा आणि किती सैल करायचा, हे डोपामिन या रसायनाच्या मदतीने ठरतं. ते पुरवणाऱ्या पेशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर भागात असतात. पार्किन्सन्समध्ये त्या मरत जातात, आणि हातापायांत काही दिसायला लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात.

डोपामिनचा तुटवडा सगळीकडे सारखा नसतो. पुटामेन नावाच्या भागाच्या मागच्या बाजूला तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाणवतो, आणि नेमका हाच भाग अंगवळणी पडलेल्या हालचाली सांभाळतो. शर्टाची बटणं लावणं, सही करणं, बोलता बोलता चालणं. ठरवून, लक्ष देऊन, डोळ्यांना काहीतरी दिसतंय म्हणून केलेली हालचाल मेंदूच्या दुसऱ्या वाटेने जाते आणि ती वाट बराच काळ शाबूत राहते. पार्किन्सन्सच्या चालीतलं बहुतेक चमत्कारिक या एका गोष्टीत आहे. पायात बळ असतं. बंद पडलेली असते ती आपोआपची वाट.

या चालीची पहिली खूण बहुधा पायात दिसत नाही, हातात दिसते. चालताना एका बाजूचा हात झुलेनासा होतो. तो अंगाशी किंचित दुमडलेला राहतो, दुसरा मात्र नेहमीसारखा हलत असतो. त्याच बाजूचा खांदा आखडतो, माणूस अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, फ्रोजन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम सुरू होतात. कित्येकांचे पहिले महिने असे खांद्याच्या उपचारात जातात. मग एखाद्या लग्नाच्या व्हिडिओत मुलीच्या लक्षात येतं, की बाबांचा उजवा हात हलतच नाहीये.

अर्थात न हलणारा प्रत्येक हात आजारी नसतो. २०१५ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही मेंदूविकारतज्ज्ञांनी रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांच्या चालीवर एक लेख लिहिला. पुतिन यांचा उजवा हात डाव्यापेक्षा फारच कमी हलतो. पार्किन्सन्सची दुसरी कुठलीच खूण त्यांच्यात दिसेना. केजीबीच्या प्रशिक्षण पुस्तिकेत चालताना शस्त्राचा हात छातीजवळ ठेवण्याची सूचना सापडली तेव्हा लेखकांना आपलं उत्तर मिळालं. नाताळच्या अंकातला हा खेळकर लेख, पण रोगनिदान करणाऱ्याला त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

आता खुद्द पाऊल. निरोगी माणसाचं पाऊल जवळून पाहिलं तर आधी टाच टेकते, मग तळवा पुढे सरकत जमिनीला लागतो, शेवटी चवडा आणि अंगठा जमिनीला रेटा देतात आणि पाय उचलला जातो. हवेतून पुढे जाताना बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. निसर्गाने इथे फारशी सूट ठेवलेलीच नाही. पार्किन्सन्समध्ये पाऊल उचलण्याची ही उंची आणखी घटते. टाच आधी टेकेनाशी होते, अख्खा तळवा एकदम पडतो, आजार वाढल्यावर तर चवडाच आधी टेकतो. घरात सपातांची फरफर ऐकू यायला लागते. एका पायातली चप्पल पुढून लवकर झिजते. पायपुसणं, सतरंजीची कड, दोन फरश्यांमधली किंचित उंचसखल जागा, म्हणजे ज्यांच्याकडे कालपर्यंत कुणी ढुंकून पाहत नव्हतं अशा सगळ्या वस्तू आता ठेचकळायच्या जागा होतात.

पावलं आखूड होतात, पण त्यांचा वेग कमी होईलच असं नाही. उलट अंतर कापायला म्हणून ती भराभर पडतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेग मॉरिस, रॉबर्ट इआन्सेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुरेख काम केलं. त्यांनी जमिनीवर नेहमीच्या पावलाच्या अंतराने आडव्या पट्ट्या लावल्या आणि रुग्णांना त्यांवरून चालायला सांगितलं. पाऊल पूर्ववत लांब पडायला लागलं. पट्ट्या काढल्या आणि फक्त ‘लांब पाऊल टाकायचंय, त्याचाच विचार करा’ असं सांगितलं, तरीही ते लांब पडलं. मग चालता चालता डोक्याला दुसरं काम दिलं, आणि पावलं पुन्हा आखडली. म्हणजे लांब पाऊल टाकण्याची क्षमता कुठे गेलेली नव्हती. लक्ष दुसरीकडे गेलं की ती हाताशी येत नव्हती, एवढंच.

‘बाबा, पाय उचलून चाला ना’ ही सूचना चार पावलं कामी येते आणि पाचव्याला विरते, त्याचं कारण हेच. बाबा ऐकत नाहीत असं नसतं. पाचव्या पावलाला त्यांना फोनची रिंग ऐकू आलेली असते. दवाखान्यात माणूस बरा चालतो तोही याच कारणाने. समोर डॉक्टर असतात, मोकळी जागा असते आणि सगळं चित्त पायांत गोळा झालेलं असतं. घरी हातात चहाचा कप असतो आणि दारात कुणीतरी विचारत असतं, ‘औषध घेतलंत का?’

या आजाराचं पहिलं नीट वर्णन लंडनच्या हॉक्सटन स्क्वेअरमध्ये राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका छोट्या पुस्तिकेत केलं. त्यात अवघे सहा रुग्ण आहेत, आणि त्यांतले काही तर पार्किन्सन यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले. आज एखाद्या शोधनिबंधाच्या परीक्षकाने असला मजकूर साभार परत केला असता. पण चाल रस्त्यातच दिसते. पार्किन्सन यांनी बरोबर टिपलं, की या माणसांचं धड पुढे झुकतं, वजन चवड्यांवर येतं आणि चालणं त्यांच्या मनाविरुद्ध पळण्यात बदलतं. झुकलेल्या शरीराचा तोल पुढे निघून जातो आणि आखूड पावलं त्याला गाठण्यासाठी तुरुतुरु धावत राहतात.

त्यांचा एक रुग्ण त्यांना फक्त दुरून दिसला होता. त्याच्यासोबत एक मदतनीस असे. हा मदतनीस त्याच्या समोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. रुग्ण हळूहळू मागे-पुढे झुलत स्वतःचा तोल जमवी, मग इशारा देई आणि धावत सुटे. मदतनीस चपळाईने बाजूला होऊन त्याच्यापुढे पळत जाई, कारण वीसएक पावलांनंतर त्याला धरून सावरावं लागे. दोनशे वर्षांपूर्वीच्या या दृश्यात एक बारकावा आहे. निघण्याआधी झुलून घेणं त्या माणसाला कुण्या डॉक्टरने शिकवलेलं नव्हतं, त्याचं त्यालाच सापडलं होतं. आज फिजिओथेरपिस्ट अडलेल्या रुग्णाला वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत डोलायला शिकवतात, आणि मग मोठं पाऊल टाका म्हणतात. कृती तीच.

अडणं हा या आजारातला सगळ्यात विचित्र प्रकार. वैद्यकात त्याला फ्रीझिंग म्हणतात, रुग्ण म्हणतात, ‘पाय जमिनीला चिकटले.’ माणूस चालत असतो आणि दाराच्या चौकटीत पोचताच तळवे फरशीवरून सुटत नाहीत. वरचं धड पुढे निघालेलं असतं. पाय अगदीच स्तब्ध असतात असंही नाही. गुडघे जागच्या जागी थरथरतात, इंजिन सुरू आहे पण गाडी हलत नाही अशी अवस्था. बहुतेक वेळा काही सेकंदांत सुटका होते, पण पडायला तेवढे सेकंद पुरतात. जागाही ठरलेल्या असतात. दरवाजा, लिफ्ट, पलंग आणि कपाटामधली बोळ, गर्दी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वळण. निरोगी माणूस वळताना आधी डोकं, मग खांदे, मग कंबर फिरवतो. पार्किन्सन्सचा रुग्ण अख्खा एकसंध वळतो, लहान लहान पावलं टाकत, आणि त्यातच पाय एकमेकांत अडतात. घाई हा तर हुकमी शत्रू. लिफ्टचं दार बंद होतंय हे दिसलं, की पाय चिकटलेच.

अशा वेळी घरचे प्रेमाने हात धरून ओढतात. ते करू नये. पाय जागेवर आणि धड पुढे, अशा अवस्थेत ओढलं तर माणूस तोंडावर पडतो. थांबू द्यावं, ताठ उभं राहू द्यावं, डोलून वजन बदलू द्यावं, आणि मग समोर स्वतःचं पाऊल आडवं ठेवून ‘याच्यावरून ओलांडा’ म्हणावं. ओलांडायला काहीतरी दिसलं की पाय उचलला जातो. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घालून यावं, हेही तितकंच उपयोगी.

डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेचा हा गुण लंडनच्या जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या त्यांच्या पुस्तकात सविस्तर मांडला होता. आडव्या रेषा मदत करतात, चालण्याच्या दिशेने ओढलेल्या उभ्या रेषांचा तसा उपयोग होत नाही. त्याच्याही आधी, १९२१ साली, फ्रेंच डॉक्टर आशिल सूक यांनी जखडलेले रुग्ण अचानक चपळपणे हलल्याच्या घटनांचा अभ्यास करून या विरोधाभासाला नावही दिलं होतं. पण सगळ्यात गाजलं ते नेदरलँड्समधल्या नाइमेखेनचं उदाहरण. बास ब्लूम आणि आन्के स्नाइडर्स यांच्याकडे ५८ वर्षांचे एक गृहस्थ आले. दहा वर्षांचा आजार, दोन-चार पावलांतच पाय चिकटायचे, आधाराशिवाय पडायचे. बोलता बोलता ते म्हणाले, की आपण सायकल मात्र मजेत चालवतो. डॉक्टरांचा विश्वास बसेना. दवाखान्याबाहेर सायकल आणली. गृहस्थ बसले, पेडल मारलं, आरामात फेरी मारली, वळण घेतलं, परत आले. खाली उतरल्याबरोबर पाय पुन्हा चिकटले. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने ही चित्रफीत प्रसिद्ध केली. पेडल स्वतःच पायांना फिरता ठेका पुरवतं, शिवाय सायकल चालवताना मेंदू चालण्याचा कार्यक्रम वापरतच नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. याचा अर्थ रुग्णाला सायकल देऊन टिळक रोडवर सोडावं असा नाही. चढणं आणि उतरणं हेच त्यातलं सर्वांत धोक्याचं. जागेवरची व्यायामाची सायकल मात्र खरंच कामाची. नाइमेखेनच्याच संशोधकांनी १३० रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिने घरी अशी सायकल चालवणाऱ्यांची हालचालींची लक्षणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या मानाने कमी बिघडली.

औषधांची कथा मुंबईला स्पर्श करून जाते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे त्या मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळं करण्यात आलं आणि जगभर वापरात आलं. ते घेणारे काही रुग्ण पार्किन्सन्ससारखे जखडायला लागले. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रेसरपीन टोचलं. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना डोपामिनचं पूर्वद्रव्य असलेलं एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात कान उभारून ससे हिंडायला लागले. मेंदूतलं डोपामिन आटलं की हालचाल थांबते, हे सशांनी सांगितलं. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सन्सने गेलेल्यांच्या मेंदूत हा तुटवडा मोजून दाखवला, १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे डोपा वाढत्या मात्रेत देऊन रुग्णांना पुन्हा चालतं केलं, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आज घराघरांत जी गोळी दिवसातून तीन-चार वेळा घेतली जाते ती एल-डोपाचीच, सोबत कार्बिडोपाची जोड देऊन. खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य निसर्गतः असतं आणि आयुर्वेदात त्या वापरल्या जातात. पण गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता त्यांचं चूर्ण वर घेणं म्हणजे मात्रेचा हिशेबच सोडून देणं.

गोळीने पाऊल लांब होतं, वेग वाढतो, हात झुलायला लागतो. तोल आणि जुनं फ्रीझिंग यांवर मात्र तिचा तितका जोर चालत नाही. शिवाय वर्षं उलटतात तशी दिवसाची वाटणी व्हायला लागते. गोळी लागू असतानाचा काळ ‘ऑन’, उतरल्यानंतरचा ‘ऑफ’, हे शब्द आता मराठी घरांतही सर्रास ऐकू येतात. ‘आत्ता आई ऑफमध्ये आहे, जरा थांबा.’ एल-डोपा आतड्यातून शोषलं जाताना आणि मेंदूत शिरताना प्रथिनांतल्या अमिनो आम्लांशी त्याची चढाओढ होते. त्यामुळे डाळ-उसळीच्या किंवा मटणाच्या भरल्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी काहींना लागूच पडत नाही, म्हणून ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात.

ऑफचा सगळ्यात दुखरा प्रकार पहाटे भेटतो. रात्रभर औषध नसतं. माणूस पलंगावरून पाय खाली टाकतो आणि एका पावलाला पीळ पडतो. पाऊल आत वळतं, बोटं खाली मुडपतात, कधी अंगठा एकटाच वर ताठतो. पोटरी दगडासारखी होते. या डिस्टोनियाला पुष्कळ घरांत ‘गोळा आला’ म्हणून तेल चोळलं जातं, आणि पहिली गोळी लागू झाल्यावर तो आपोआप सुटतो तेव्हा श्रेय तेलाला मिळतं. पाय रोज त्याच वेळी पिळवटत असेल तर ते डॉक्टरांना सांगायला हवं, कारण रात्रीच्या किंवा पहाटेच्या मात्रेत फेरफार करून पुष्कळदा आराम पडतो.

पडण्याविषयी एक गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी. पार्किन्सन्समध्ये वारंवार पडणं सहसा उशिरा, काही वर्षांनी सुरू होतं. पहिल्याच वर्षात माणूस पुन्हा पुन्हा, विशेषतः मागे, पडत असेल तर डॉक्टर दुसऱ्या शक्यता शोधतात. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्युक्लिअर पाल्सी हा मेंदूचा विकार ही त्यांतली एक. दोन्ही पाय फाकवून घासत चालणारा, पण हात छान झुलवणारा म्हातारा दिसला तर मेंदूतल्या पाण्याचा किंवा लहान रक्तवाहिन्यांचा विकार तपासावा लागतो. आणि औषधांची पिशवी उलटी करून पाहावीच लागते. चक्कर येते म्हणून चालू झालेल्या सिनारिझीन किंवा फ्लुनारिझीनच्या गोळ्या, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, या सगळ्यांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखी चाल होऊ शकते. औषध बंद केल्यावर ती बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. चक्करची गोळी आपल्याकडे चार दिवसांसाठी सुरू होते आणि केमिस्टच्या कृपेने चार वर्षं चालते, म्हणून हा इशारा.

तोल तपासायची डॉक्टरांची पद्धत साधी आहे. रुग्णाच्या मागे उभं राहून, आधी कल्पना देऊन, त्याचे खांदे झटक्याने मागे ओढायचे. निरोगी माणूस एक-दोन पावलं मागे टाकून सावरतो. आजार पुढे गेलेला असेल तर माणूस लहान पावलं टाकत मागे मागे जात राहतो, किंवा पाऊल न टाकता ताठ कोसळतो. डॉक्टर मागे उभे असतात ते झेलण्यासाठीच. घरी ही परीक्षा कुणी घेऊ नये.

तोलासाठी गोळीपेक्षा सराव जास्त उपयोगी ठरतो. अमेरिकेत ओरेगनमध्ये १९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताई ची या चिनी व्यायामाने तोल सुधारला, आणि स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्या गटातले लोक कमी पडले. संगीताच्या ठेक्यावर पाऊल टाकलं की चाल सुधारते, हे १९९० च्या दशकापासून मोजून दाखवलं गेलं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले आणि पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटात ठेक्याच्या, टाळ्यांच्या, मोठ्या हालचालींच्या व्यायामांना जागा मिळाली. आयुष्यात कधी नाचलेले नाहीत असे सत्तरीचे लोक ताल धरून पाय उचलतात, तेव्हा आधी ओशाळतात आणि मग ओशाळणं विसरतात.

रेषेची युक्ती आता बुटातही आली आहे. डच संशोधकांनी केलेल्या लेझर बुटांत, एक पाय टेकला की त्या बुटातून दुसऱ्या पायासमोर जमिनीवर लाल रेष पडते. १९ रुग्णांवरच्या चाचणीत, गोळीचा अंमल नसताना, अडण्याच्या वेळा ४६ टक्क्यांनी घटल्या. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया मात्र चालीसाठी बेभरवशाची. ढोबळ नियम असा, की गोळीने जे सुधारतं ते शस्त्रक्रियेने सुधारतं. गोळीला दाद न देणारं फ्रीझिंग शस्त्रक्रियेलाही सहसा दाद देत नाही. त्यामुळेच २०२३ साली लोझानच्या ग्रेग्वार कोर्तीन आणि झोसलीन ब्लॉक यांच्या प्रयोगाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्यांनी मेंदू बाजूला ठेवून थेट कमरेजवळच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवले आणि पावलांच्या क्रमाने त्यांना उत्तेजना दिली. तीसेक वर्षांचा आजार असलेले एक फ्रेंच गृहस्थ त्यानंतर बरंच मोकळं चालू लागले. रुग्ण एकच होता, हे विसरून चालणार नाही.

एवढ्या महागड्या गोष्टींची वाट पाहण्याआधी हाताशी असलेलं वापरलं जातंय का, हा खरा प्रश्न. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या सुमारे ४,३०० रुग्णांची एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. रेष ओलांडणं, मनात आकडे मोजणं, गुडघे उंच उचलणं, आडवं चालणं, समोरच्याच्या पावलांकडे बघून चालणं, अशा युक्त्यांविषयी त्यांना विचारलं होतं. साधारण सहापैकी एकाने असं काही असतं हे ऐकलेलंच नव्हतं. जवळजवळ चौथ्या हिश्शाने काही करून पाहिलं नव्हतं. सगळ्यांना लागू पडेल अशी एकही युक्ती नाही. ठेक्यावर एक जण सुटतो, तर दुसरा त्याच ठेक्यावर आणखी अडतो. मोकळ्या जागेत चालणारी युक्ती दारात फसते.

म्हणून जाणते फिजिओथेरपिस्ट घरच्यांना एकच काम सांगतात: मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून आणा. दवाखान्याच्या मोकळ्या बोळातली नको, घरातली. न्हाणीघराच्या दारातली, पलंगाला वळसा घालतानाची, सकाळची पहिली गोळी घेण्याआधीची आणि घेतल्यानंतर तासाभराची. शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, ते सोबत लिहून आणा.